तिसऱ्या घंटेआधीची २५ मिनिटं: नटानं आवाज कसा तापवावा

प्रयोगाआधी ग्रीनरूममध्ये दोन-चार वाक्यं खच्चून ओरडली की आवाज मोकळा होतो, असं आमच्या इंदूरच्या हौशी नाटकवाल्यांत पूर्वापार मानलं जातं. मीही तेच करायचे. एका स्पर्धेत माझी आईची भूमिका होती. पहिली घंटा झाली आणि मी आरशासमोर उभी राहून भांडणाच्या प्रवेशातली वाक्यं पूर्ण ताकदीनं म्हणून घेतली. पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात विंगेकडे बघून मुलाला हाक मारायची होती, "बाळा!" त्यातला 'बा' निघाला, 'ळा'च्या जागी नुसती हवा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक परीक्षक खाली मान घालून काहीतरी लिहायला लागले, ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर गायकांना विचारलं, घशाच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि आमच्या रामबागेतल्या तालमीत वर्षानुवर्षं करून पाहिलं. त्यातून टिकलं ते इथे लिहिते आहे. क्रम ठरलेला आहे: अंग, श्वास, गुणगुण, उच्चार, आणि सगळ्यात शेवटी फेक, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात. उस्ताद अमीर खाँ ज्या गावात वाढले, ज्यांच्या अतिविलंबित ख्यालात एकेक सूर सावकाश उलगडायचा, त्याच गावात आम्हाला आवाजाची एवढी घाई का असते कोण जाणे.

आधी दिवसभराचं

प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत उतरतं. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. म्हणजे एन्ट्रीच्या आधी घटाघटा प्यायलेल्या पाण्यानं तोंडाची कोरड जाते, पण तंतूंना ओलावा मिळतो तो सकाळपासून थोडं थोडं प्यायलेल्या पाण्यातून. इंदूरचा हिवाळा कोरडा आणि मे महिना तर विचारूच नका, तेव्हा प्रयोगाच्या दिवशी बाटली सोबतच ठेवा. वाटल्यास भांड्यातल्या कोमट पाण्याची साधी वाफ पाच मिनिटं घ्या. त्यात बाम किंवा कापूर नको, आणि भांडं स्थिर जागी ठेवा.

खाणं हा आमच्याकडचा नाजूक विषय. ऑफिसातून सुटून तालमीला येताना कचोरी आणि वर लसूण शेव, हा ठरलेला बेत. तिखट-तळकट खाऊन लगेच पोटातून श्वास घ्यायला लागलात की आंबट पाणी वर येतं आणि घशाच्या मागच्या भागाला चरचरतं. मग माणूस सारखा खाकरतो. खाकरणं म्हणजे दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटणं, ते टाळायचं. घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा. प्रयोगाच्या निदान दोन तास आधी खाणं उरकावं. सकाळचे पोहे चालतील, वरची शेव मित्राच्या बशीत टाका.

खडीसाखर, ज्येष्ठमध खुशाल तोंडात धरा. लाळ सुटते, बरं वाटतं. घसा बधिर करणाऱ्या गोळ्यांपासून मात्र लांब राहा. दुखणं हा शरीराचा इशारा असतो, आणि तोच ऐकू येईनासा झाला की नट दुखऱ्या गळ्यावरही जोर लावत सुटतो.

अंग सैल करणं: ४ मिनिटं

हे मेकअपच्या आधी करायचं. जबडा चोळताना रंग फिसकटला म्हणून आमच्या एका काकांनी मेकअपमनची बोलणी खाल्ली आहेत.

पाय खांद्यांएवढे फाकवून उभे राहा, गुडघे ताठ नकोत. खांदे कानांपर्यंत उचला आणि एकदम सोडून द्या, पाच-सहा वेळा. मान उजवीकडे-डावीकडे सावकाश कलती करा; गरागरा फिरवू नका. मग जबडा. कानाच्या खाली, दाढांवर, जिथे दात दाबल्यावर स्नायू टरारून येतो, तिथे तळहाताच्या गादीनं वरून खाली चोळत या. तोंड आपोआप अर्धवट उघडं पडलं पाहिजे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर दात आवळून बसणाऱ्या माणसाचा हा स्नायू दगडासारखा असतो. आमच्या बँकेतल्या वहिनींना पहिल्या दिवशी तिथे बोटही लावू देववेना.

त्यानंतर जीभ बाहेर काढून हनुवटीकडे ताणा, दहा आकडे. आणि एक मोठी, निर्लज्ज जांभई. जांभईत स्वरयंत्र खाली उतरतं आणि घशाची मागची बाजू रुंदावते. मोठ्या आवाजाला लागणारी जागा हीच. दोन-तीन जांभया खोट्या द्या, चौथी आपोआप खरी येते.

श्वास: ५ मिनिटं

नवीन माणसाला मी आधी सतरंजीवर उताणं झोपवते. पोटावर एखादी वही ठेवायची. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, सोडताना खाली गेली पाहिजे, छाती जवळजवळ स्थिर. फुप्फुसांच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो आकुंचन पावून खाली सरकतो, फुप्फुसांत हवा शिरते आणि पोट पुढे येतं. झोपल्यावर हे सगळ्यांना जमतं. उभं राहिलं की लोक पुन्हा खांदे उचलायला लागतात, म्हणून उभं राहून एक हात बेंबीवर आणि एक बरगडीच्या कडेला ठेवून तेच करायचं.

आता मोजणी. चार आकड्यांत नाकानं श्वास आत, आणि 'स्स्स' असा सारखा, न थरथरणारा फुसकारा आठ आकडे. पुढच्या खेपेला बारा, मग सोळा. वीसच्या पुढे जायची शर्यत लावू नका. शेवटचे आकडे पोट पिळून काढले तर गळा आवळला जातो आणि मुद्दाच हरवतो. मग एकदा 'स्स' आणि एकदा 'झ्झ' ('माझा'तला झ) एकाच श्वासात जास्तीत जास्त किती वेळ लांबतो ते बघा. दोन्ही साधारण सारखेच टिकायला हवेत. 'झ'ला स्वरतंतू थरथरतात, 'स'ला नाही. 'झ' नेहमीच बराच आधी तुटत असेल तर तंतू नीट मिटत नसण्याची शक्यता असते, ते डॉक्टरांना दाखवावं.

आमच्यात कपालभातीचे भक्त आहेत. घरी करा, सकाळी करा. प्रवेशाच्या दहा मिनिटं आधी भराभर श्वास फेकला की डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि नेमकं पहिलं वाक्य विसरायला होतं. विंगेत भ्रामरी मात्र उपयोगाची, तिचं काम पुढच्याच पायरीत आहे.

गुणगुण आणि नळी: ७ मिनिटं

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

पुरुषाच्या साध्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा एकमेकांना भिडतात, बाईच्या २०० वेळांच्या आसपास. दोन तासांच्या नाटकात किती वेळा, तो हिशेब तुम्हीच करा. सकाळी उठल्या उठल्या पळत सुटलं तर पोटरी भरून येते, तसंच थंड तंतूंवर एकदम जोर टाकला की होतं. तोंड अर्धवट बंद ठेवून आवाज काढला तर ओठांपाशी अडलेली हवा मागे थोडा दाब देते. त्या दाबामुळे तंतू कमी जोरानं आपटतात आणि तरी छान थरथरतात. शीतपेयाची साधी नळी आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली एवढ्यावर हे जमतं.

नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. ओठ नळीभोवती घट्ट, गाल सैल. नळीतून 'ऊऊऊ' म्हणा. बुडबुडे सारखे यायला हवेत. आधी बोलण्याच्या सहज पट्टीत एक-दोन मिनिटं. मग आवाज खालून वर आणि वरून खाली घसरत न्या, दूरवरच्या अँब्युलन्सच्या भोंग्यासारखा, पण हळू. शेवटी नळीतूनच नाटकातलं एखादं वाक्य म्हणा. शब्द नाहीत, फक्त चढउतार. हे ऐकायला अतिशय विनोदी असतं, आमच्या तालमीत चहा घेऊन येणारा पोरगा दारातच उभा राहून म्हणाला होता, "भिया, ये क्या चल रहा है?"

नळी नसेल तर ओठांची मोटार. लहान मूल गाडी खेळताना 'ब्र्र्र्र' करतं, तसं. ओठ थरथरत नसतील तर दोन बोटांनी गाल किंचित वर उचलून धरा, लगेच जमतं.

त्यावर 'म्'. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ खाली. 'म्म्म' म्हणताना ओठांवर आणि नाकाच्या दांडीवर झिणझिण जाणवली पाहिजे. बोटं लावून बघा. झिणझिण घशात लागत असेल तर आवाज मागे अडकलाय. जांभई देऊन पुन्हा सुरू करा. मग त्याच सुरातून तोंड उघडा: म्म्मा, म्म्मी, म्म्मू, म्म्मे, म्म्मो. तोंड उघडल्यावरही झिणझिण जागेवर राहावी. ओंकार घ्यायचा तोही असाच, 'म'कार लांबवून. खर्जात सावकाश उतरायचं, जिथे आवाज भाजक्या पापडासारखा करकरायला लागतो तिथून परत फिरायचं. वरही तसंच. आज वरची पट्टी आली नाही तर आली नाही, तिच्या मागे धावू नका.

उच्चार: ५ मिनिटं, आणि इंदूरकरांनी १०

आपल्याकडे या पायरीसाठी वेगळा तक्ता शोधावा लागत नाही, वर्णमालाच तक्ता आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य: क वर्गापासून प वर्गापर्यंत आवाज घशाकडून ओठांकडे चालत येतो. 'क-च-ट-त-प' सावकाश, जीभ प्रत्येक वेळी कुठे टेकते ते बघत म्हणा. मग 'ख-छ-ठ-थ-फ', तळहात तोंडासमोर धरून. प्रत्येक अक्षराला हवेचा झोत हाताला लागला पाहिजे. मग 'ग-ज-ड-द-ब', 'घ-झ-ढ-ध-भ'. शेवटी उलटं, प-त-ट-च-क. वेग वाढवायचा, पण एकही अक्षर पुसट झालं की पुन्हा सावकाशवर यायचं.

दातांत पेन्सिल धरून संवाद म्हणायचा प्रकार लोकप्रिय आहे. मला तो पटत नाही. आत्ताच सैल केलेला जबडा पुन्हा कशाला आवळायचा?

आता आपलं खास दुखणं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण शाळा, बाजार, ऑफिस सगळं हिंदीत. 'मी येऊन राहिलो आहे' हे आपण कौतुकानं चालवून घेतो, घरगुती नाटकात तर ते गोडही लागतं. पण मुंबई-पुण्याची नाटकं सानंद या इथल्या मराठी संस्थेत नेमानं बघणारा इथला प्रेक्षक कानानं चोखंदळ झालेला आहे. पेशवाईतल्या पात्राच्या तोंडी हिंदी वळणाचा उच्चार आला की तो खुर्चीत चुळबुळतो. माझ्या वहीत पाच जागा लिहिलेल्या आहेत.

पहिली, च-ज-झ. मराठीत यांचे दोन दोन उच्चार आहेत, हिंदीत एकेकच. 'चार', 'चिमणी', 'चेहरा' यांतला च तालव्य. 'चोर', 'चाक', 'चूल' यांतला दंततालव्य, जीभ दातांमागे. 'माझा'तला झ आणि 'माझी'तला झ वेगळे आहेत. आरशात बघत 'माझा, माझी, माझं, माझे' म्हणा, जीभ पुढे-मागे सरकताना जाणवेल. सरावाला ही दोन वाक्यं मी केली आहेत: "चार चोर चाळीच्या चौकात चिंचा चोखतात" आणि "जुन्या जिन्याजवळ जाड जोडा, जवळच जेवणाचं ताट". आधी शब्द सुटे, मग एका दमात.

दुसरी ळ. शहरी हिंदी बोलण्यात तो नसतोच, त्यामुळे तरुण मुलांच्या जिभेला उलटं वळायची सवय उरलेली नाही. जोड्या घ्या: काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ, चाल-चाळ, ओल-ओळ. जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि पुढे फटकारत येतं. नंतर आजीच्या वेळचं 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले'.

तिसरी ऐ आणि औ. 'पैसा' हिंदीत एका सपाट स्वरात जातो. मराठीत 'अ'वरून 'इ'कडे घसरतो, पइसा. 'औषध' तसंच, अउषध. चौथी ज्ञ: हिंदीतला 'ग्यान' मराठीत 'द्न्यान' होतो. पाचवी ऋ: 'कृपा'चं 'क्रिपा' करू नका, 'क्रुपा'कडे झुकू द्या. शेवटच्या दोन लवकर सुधारतात. च-ज-झ मात्र महिने खातो, तो फक्त वॉर्मअपमध्ये नाही, तालमीबाहेरही घोकावा लागतो.

फेक: ४ मिनिटं

फेक म्हणजे ओरडणं नव्हे. रवींद्र नाट्यगृहासारख्या मोठ्या सभागृहात रंगमंचावरून प्रेक्षक येण्याआधी एकदा बोलून बघा. सोबतीला एक जण शेवटच्या रांगेत बसवा. एकच साधं वाक्य, "दिवा लावलास का?", आधी शेजारी उभ्या माणसाला विचारा, मग पाचव्या रांगेला, मग शेवटच्या. आवाज मोठा करायचा नाही. ओठांचं आणि जिभेचं काम वाढवायचं, स्वर किंचित लांबवायचे, नाकाच्या दांडीवरची झिणझिण धरून ठेवायची. शेवटच्या रांगेतल्यानं हात वर केला की झालं. आणि फूटमाईक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो तुमच्या चपलांचा आवाज आधी पकडतो.

त्याहून मोठा घोळ वाक्याच्या शेवटी होतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागे. "मी त्याला पैसे दिले नाहीत." श्वास संपत आला की नट 'दिले'पर्यंत पोचतो आणि 'नाहीत' छातीत गिळतो. शेवटच्या रांगेला ऐकू येतं, "मी त्याला पैसे दिले." आख्ख्या कथानकाचं वाटोळं. एका रहस्यनाटकात आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं आणि मध्यंतरात दोन आजोबा खून कुणी केला यावरून भांडत होते. म्हणून रोज आपल्या भूमिकेतली पाच लांब वाक्यं काढा. आधी फक्त शेवटचे दोन शब्द स्पष्ट म्हणा. मग शेवटचे चार. असं मागून पुढे वाक्य बांधत या. श्वास कुठे घ्यायचा ते स्क्रिप्टमध्ये पेन्सिलीनं उभ्या रेघेनं दाखवा आणि ती रेघ तालमीतच पक्की करा.

भूमिकेत किंकाळी, रडणं, आरडाओरडा असेल तर त्याची सुरुवात 'ह'नं करा. "आई!" असं घसा आवळून एकदम फोडण्याऐवजी आधी किंचित हवा सोडायची, "ह्-आई!", आणि जोर पोटातून द्यायचा. प्रेक्षकाला तो 'ह' ऐकू येत नाही, तंतूंना मात्र त्याचा फार उपयोग होतो. तालमीत अशी जागा पूर्ण ताकदीनं एकदाच करायची, बाकी वेळा अर्ध्या आवाजात. दिग्दर्शकानं पाचव्यांदा "अजून जोरात" म्हटलं तर नाही म्हणायला शिका. मी दिग्दर्शन करते तेव्हा मलाही माझे लोक नाही म्हणतात, "ताई, आता उद्या."

घंटांचं वेळापत्रक आणि नंतरचं

प्रयोग साडेसातचा असेल तर आम्ही सहाला सगळे गोलात जमतो, २५ मिनिटांत हे उरकतो आणि मग मेकअपला बसतो. रंगवून झाल्यावर पहिल्या घंटेपर्यंत गप्पा कमी. दुसऱ्या घंटेला ज्याची त्याची नळी, दोन मिनिटं. तिसऱ्या घंटेला विंगेत फक्त श्वास आणि ओठ मिटून 'म्म'.

सर्दी असेल, आवाज बसलेला असेल, तर फेक आणि किंकाळी सोडून द्या, नळी आणि गुणगुण तेवढी करा. आवाज बसल्यावर लोक कुजबुजत बोलतात आणि त्याला विश्रांती समजतात. जोर लावून कुजबुजल्यानं तंतूंवर ताणच येतो. हळू बोला किंवा बोलू नका, मधलं काही करू नका. गिळताना किंवा बोलताना दुखत असेल, किंवा घोगरेपणा दोन-तीन आठवडे गेलाच नसेल, तर काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पडदा पडल्यावरही तीन मिनिटं द्या. हार-गुच्छ, फोटो, "काय सुंदर काम केलंत" या सगळ्या गोंगाटात माणूस सभागृहाच्याही वर आवाज चढवून बोलत असतो. आधी मागे जाऊन नळीतून वरून खाली घसरते 'ऊ' दहा वेळा, मग भेटी. त्यानंतर मंडळी सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणारच, त्याला माझा विरोध नाही. भुट्ट्याचा कीस खा, गराडू (तळलेला कंद) खा, फक्त त्या गर्दीत टेबलापलीकडच्या माणसाशी ओरडून बोलू नका, आणि घरी आल्यावर लगेच आडवे होऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी अगदी हळू आवाजात एक ओळ वरच्या पट्टीत गुणगुणून बघा. नेहमी येणारा सूर फाटत असेल, किंवा हवा आधी आणि आवाज मागून येत असेल, तर त्या दिवशीच्या तालमीत तुमची वाक्यं प्रॉम्प्टरला वाचू द्या आणि तुम्ही नुसत्या हालचाली करा.